हार्डविक हॉलची पुठ्ठ्यातली प्रतिकृती : कामाच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, डर्बी

मुलीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलो की दुसऱ्या आठवड्यापासून हात रिकामे वाटू लागतात, हा मागच्या दोन खेपांचा अनुभव असल्यामुळे या वेळी कटर, पोलादी पट्टी आणि बटर पेपरची गुंडाळी पुण्याहूनच बरोबर आणली. काम कोणते करायचे हे मात्र एम-वन महामार्गावर ठरले. चेस्टरफील्डच्या अलीकडे टेकडीच्या कडेवर सहा मनोरे आणि त्यांच्यामध्ये काचेच्या रांगाच रांगा असलेली एक वास्तू दिसली आणि जावयाने गाडी चालवता चालवता तिचे नाव सांगितले : हार्डविक हॉल. डर्बीशायर परगण्यातला हा जमीनदारी वाडा १५९० ते १५९७ या काळात बांधला गेला आणि आज तो इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंपैकी सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीत मोडतो.

प्रतिकृती १:२०० या प्रमाणात करायची आणि तिन्ही मजले डब्याच्या पुडांसारखे एकेक करून उचलता आले पाहिजेत, असे ठरवले आहे. या वाड्यातले सर्वांत लांब दालन पन्नास मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे माझ्या टेबलावर ते सुमारे २५ सेंटीमीटर होईल. जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग तीन महिने अडणार, हे सौ.ने ऐकून घेतले आहे; संमती दिली आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

२० एप्रिल २०२४

पहिली भेट. पश्चिमेकडून, पहारेकऱ्यांच्या दगडी देवडीतून आत शिरले की भिंतीने वेढलेले मोठे अंगण लागते आणि समोर ती दर्शनी बाजू उभी राहते. प्रथम ध्यानात येते ते हे की या भिंतीवर नक्षी जवळपास नाहीच. खिडक्या आहेत, दोन मजल्यांमधल्या आडव्या दगडी पट्ट्या आहेत, तळाशी दोन मनोऱ्यांच्या मध्ये साध्या गोल खांबांची ओवरी आहे, आणि बाकी सगळा परिणाम प्रमाणबद्धतेचा आहे. ‘हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काच जास्त’ अशा अर्थाचे यमक इंग्रजीत प्रचलित आहे, त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

काच त्या काळी महाग होती. मोठे तावदान ओतण्याची सोय नसल्यामुळे तळहातात मावतील अशा शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचा शिशाच्या पट्ट्यांत गुंफून जाळी तयार करावी लागे, आणि ती जाळी दगडाच्या उभ्या-आडव्या दांड्यांमध्ये बसवावी लागे. म्हणून इतकी काच लावणे म्हणजे संपत्तीचे उघड प्रदर्शनच होते. खिडक्यांवर कर असतानाही वाडा बांधणाऱ्या बाईंनी इतक्या खिडक्या ठेवल्या, असे शेजारी उभे असलेले एक गृहस्थ सांगत होते. परंतु तो कर इंग्लंडमध्ये १६९६ साली आला, म्हणजे वाडा पुरा होऊन ९९ वर्षे झाल्यावर.

बाईंच्या आधीच्या घराचे, म्हणजे जुन्या हॉलचे अवशेष अगदी शेजारी, हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची नोंद वेगळी करीन.

२७ एप्रिल २०२४

पावसामुळे दिवसभर वाचन. वाडा बांधणाऱ्या बाई म्हणजे एलिझाबेथ टॅल्बट, श्रूझबरीच्या काउंटेस. इतिहासात त्या ‘बेस ऑफ हार्डविक’ याच नावाने राहिल्या आहेत. जन्म १५२७च्या सुमारास, याच टेकडीवरच्या एका मध्यम जमीनदाराच्या घरात. चार लग्ने झाली आणि चारही वेळा वैधव्य आले. दुसरे पती विल्यम कॅव्हेंडिश यांच्याबरोबर त्यांनी १५४९ साली चॅट्सवर्थची जमीन घेऊन तिथे घर उभारले. चौथे पती श्रूझबरीचे सहावे अर्ल हे देशातल्या सर्वांत धनाढ्य सरदारांपैकी एक होते. स्कॉटलंडच्या राणी मेरीला नजरकैदेत सांभाळण्याची जबाबदारी याच अर्लवर पंधरा वर्षे होती. पुढे नवरा-बायकोचे इतके बिनसले की १५८४च्या सुमारास बाई चॅट्सवर्थ सोडून माहेरच्या हार्डविकला आल्या. राणी मेरी या वाड्यात राहिल्याची समजूत पाहुण्यांमध्ये अजून ऐकू येते, पण तिचा शिरच्छेद १५८७ साली झाला आणि या वाड्याचा पाया खणला गेला १५९० साली.

माहेरी आल्यावर त्यांनी प्रथम जुने घर वाढवायला घेतले. तोच जुना हॉल. तो १५८७पासून गरज पडेल तसा, एका बाजूने जोडत, दुसऱ्या बाजूने उंचावत वाढत गेला आणि त्यामुळे त्यात कोणताही एक आराखडा दिसत नाही. तो पुरा होण्याआधीच, १५९०च्या शरद ऋतूत, शंभर पावलांवर नव्या वाड्याचा पाया खणायला सुरुवात झाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, नोव्हेंबरमध्ये, अर्ल वारले आणि विधवेचा वाटा म्हणून प्रचंड उत्पन्न बाईंच्या हाती आले. वयाच्या साठीनंतर दोन्ही इमारतींची कामे त्यांनी एकाच वेळी चालू ठेवली. बांधकामाचे हिशेब आजही शाबूत आहेत. दगड टेकडीच्याच खाणीतला, आणि शिसे, लाकूड, काच यांचा बराचसा पुरवठा स्वतःच्या जमिनींवरून व कारखान्यांतून होत असे. घरचाच माल आणि घरचीच खाण असल्यावर वाडा सात वर्षांत उभा राहतो.

४ ऑक्टोबर १५९७ रोजी बाई नव्या वाड्यात राहायला गेल्या.

३ मे २०२४

आजचा दिवस वाया गेला. पश्चिमेच्या बाजूचे तिन्ही मजले सवयीने सारख्या उंचीचे कापले आणि खिडक्यांची भोके पाडत असताना, दुपारी तीनच्या सुमारास, छायाचित्राशी ताडून पाहिले तेव्हा चूक लक्षात आली. या वाड्यात मजल्यागणिक उंची वाढत जाते. तळमजल्याच्या खिडक्या सर्वांत बुटक्या, पहिल्या मजल्याच्या त्याहून उंच आणि दुसऱ्या मजल्याच्या सर्वांत उंच आहेत. आपल्याकडच्या वाड्यांत तळमजला भारदस्त आणि वरचा माळा ठेंगणा असतो. माझ्या हाताला तीच सवय.

वरच्या मजल्याला मोठेपणा देण्याचे कारण वाड्याच्या वापरात आहे. तळमजला नोकरचाकर, स्वयंपाकघर आणि कोठ्यांचा; पहिला मजला बाईंच्या नित्याच्या राहण्याचा; आणि दुसरा मजला मानाचा, राणीसाठी राखलेला. प्रतिष्ठेची उतरंड इथे खालून वर चढत जाते, आणि ती कोणालाही विचारावी लागत नाही, कारण अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ती खिडक्यांच्या उंचीवरूनच वाचता येते. इंग्लंडची तेव्हाची राणी एलिझाबेथ कधीतरी पाहुणी येईल या आशेने हा मजला सजवला गेला होता. ती कधीच आली नाही.

पुठ्ठ्याचे दोन मोठे तक्ते टाकून द्यावे लागले.

११ मे २०२४

पहिल्या पुडाच्या आतल्या भिंती उभ्या केल्या. आराखडा वरून पाहिला तर उत्तर-दक्षिण लांबलेला एक आयत आहे. त्याच्या पूर्व आणि पश्चिम अशा लांब बाजूंना दोन-दोन मनोरे आणि दोन्ही टोकांना एकेक. वास्तुरचना रॉबर्ट स्मिथसन यांची मानली जाते. लाँगलीट आणि नॉटिंगहॅमजवळचा वॉलटन हॉल या वाड्यांवर त्यांनी आधी काम केले होते, आणि हार्डविकशी मिळताजुळता एक आराखडा त्यांच्या उरलेल्या रेखाटनांत सापडतो. मात्र बाईंच्या हिशेबात त्यांच्या नावे मोठी रक्कम दिसत नाही. १५९७ साली त्यांना आणि त्यांच्या मुलाला दिलेली किरकोळ बक्षिसी तेवढी आढळते. म्हणून मी ‘मानली जाते’ हाच शब्द ठेवतो, जरी शैली पाहता शंकेला फारशी जागा उरत नसली तरी.

खरी नवी गोष्ट तळमजल्याच्या मधोमध आहे. इंग्लिश वाड्यातला मोठा हॉल शतकानुशतके दर्शनी बाजूला समांतर, आडवा पडलेला असे, आणि त्याच्या एका टोकाला असलेल्या बोळातून आत शिरावे लागे. त्यामुळे दार मधोमध आणणे अवघड जाई आणि बाहेरची बाजू साहजिकच असमान होई. इथे तो हॉल काटकोनात फिरवून आराखड्याच्या मध्यरेषेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे असा आरपार ठेवला आहे. ओवरीतून आत पाऊल टाकले की आपण थेट हॉलच्या अक्षावर उभे असतो. प्रतिकृतीत हा फरक करायला दोन पट्ट्या नव्वद अंशांत वळवण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. प्रत्यक्षात मात्र त्याने वाड्यातल्या सगळ्या खोल्यांची मांडणी नव्याने ठरवावी लागली असणार.

दुसरी गोष्ट जाड भिंतींची. बहुतेक चुलाणी आणि धुराडी आतल्या, मधून लांबलचक जाणाऱ्या भिंतींत घेतली आहेत. भार आणि धूर दोन्ही मधल्या भिंतींनी उचलल्यामुळे बाहेरची भिंत काचेला मोकळी राहिली. वास्तू पाहून जे कोडे पडते त्याचे उत्तर असे घराच्या पोटात आहे.

१८ मे २०२४

दुसरी भेट, केवळ खिडक्या मोजण्यासाठी. पुस्तकातला आराखडा आणि माझी छायाचित्रे काही ठिकाणी जुळत नव्हती. आराखड्यात जिथे सलग भिंत होती तिथे छायाचित्रात काच दिसत होती. आधी मला माझ्याच छायाचित्रांचा क्रम चुकल्याचा संशय आला.

अंगणात उभे राहून दीड तास प्रत्येक खिडकीकडे पाहिले. उन्हापासून कापडांचे रक्षण व्हावे म्हणून दालनांच्या खिडक्यांवर आतून फिकट पडदे ओढलेले असतात, त्यामुळे खऱ्या खिडकीच्या काचेमागे फिकट रंग दिसतो. काही खिडक्यांमागे तसे काहीच नव्हते; काच होती, शिशाची जाळी होती, दगडी दांडे होते आणि त्यामागे निव्वळ काळोख. त्या खोट्या खिडक्या आहेत. पाठीमागे धुराडे किंवा भिंत आली, तरी बाहेरच्या रांगेत खंड पडू नये म्हणून काच पुढे तशीच चालू ठेवलेली आहे. काही खिडक्या याच्या उलट आहेत : बाहेरून एकच उंच खिडकी दिसते, पण तिच्यामागे एकावर एक अशा दोन बुटक्या खोल्या असतात आणि मधली जमीन खिडकीला मध्येच छेदते.

हे लबाडीचे बांधकाम आहे काय, असा प्रश्न मला तिथेच पडला. घराला घरपण आतून येते आणि बाहेरची बाजू आतल्याचे खरे सांगते, हे आम्हाला महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवले होते. इथे बाहेरची बाजू ठाम नियमाने चालते आणि आतल्या खोल्यांनी आपापल्या अडचणी तिच्या पाठीमागे निस्तरायच्या असतात. पण मला ती लबाडी वाटत नाही. बाईंना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या, एक निर्दोष दर्शनी चेहरा आणि दुसरे राहता येईल असे घर. आणि जिथे दोन्ही साधेनात तिथे कोणती सोडायची हे त्यांनी आधीच ठरवले होते.

२६ मे २०२४

दमटपणामुळे पहिल्या पुडाची पूर्वेची भिंत बाकदार झाली. वजनाखाली ठेवली आहे : तांदळाचा डबा आणि जावयाचे दोन डंबेल.

२ जून २०२४

वरचा पूड. तिथे पोहोचण्यासाठी वाड्यात एक रुंद दगडी जिना आहे, तो सरळ न चढता वळणे घेत, मध्ये दालनांना स्पर्श करत मजल्यामागून मजले गाठतो. खालच्या स्वयंपाकघरातून मेजवानीचे ताट याच जिन्याने मिरवणुकीसारखे वर नेले जाई. जेवण गार होत असणार, हे उघड आहे. पण राजेशाही पंक्तीत ते गरम असण्यापेक्षा ते किती लांबून आणले गेले याला जास्त मान असावा.

जिना संपतो तिथे मुख्य मानाचे दालन आहे. भिंतीच्या खालच्या भागावर ब्रुसेल्समध्ये विणलेले युलिसिसच्या कथेचे भित्तिपट आहेत, आणि त्यांच्या वर, छतापर्यंत, रंगवलेल्या गिलाव्यात उठावाने घडवलेले अरण्य : वनदेवी डायना, तिच्या सख्या, हरणे, शिकारी, झाडी. हा गिलावा अब्राहम स्मिथ या कारागिराच्या हातचा. रंग आता उडाले आहेत, पण जे उरले त्यावरून मूळचा भडकपणा कल्पिता येतो. चुलाण्याच्या वर राणीचे राजचिन्ह आहे. कुमारिका राणीच्या प्रतीक्षेत कुमारिका देवतेचे वन उभे करणे हा कौतुकाचा किती उघड मार्ग होता, हे त्या काळच्या पाहुण्याला कुणी समजावून सांगावे लागले नसेल.

त्यापलीकडे पूर्वेच्या सबंध लांबीभर पसरलेले ते लांब दालन. पावसात फेरफटका मारण्यासाठी, चित्रे लावण्यासाठी आणि मुख्यतः लांबी दाखवण्यासाठी अशी दालने असत. इथल्या भिंतींवर गिदोनच्या बायबलमधल्या कथेचे तेरा भित्तिपट आहेत, प्रत्येक सुमारे सहा मीटर उंच. ते आधी लॉर्ड चॅन्सेलर ख्रिस्तोफर हॅटन यांचे होते. हॅटन १५९१ साली कर्ज मागे ठेवून वारले आणि पुढच्याच वर्षी बाईंनी हे पट त्यांच्या वारसाकडून विकत घेतले. पटांवर हॅटनांचे कुलचिन्ह विणलेले होते, ते बदलावे लागणार म्हणून बाईंनी किमतीत पाच पौंडांची सूट मागून घेतली. मग नवे विणकाम न करवता हॅटनांच्या चिन्हांवर आपल्या चिन्हाची रंगवलेली कापडी ठिगळे लावली आणि हॅटनांच्या हरिणीला शिंगे रंगवून तिचा कॅव्हेंडिश घराण्याचा काळवीट करून टाकला. माझी आजी लग्नाची भांडी घेताना आधीचे नाव खोडण्याचे पैसे वजा करायला लावायची, त्याची मला हे वाचताना आठवण झाली.

या तेरा पटांच्या दुरुस्तीचे काम, वाडा आज सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २४ वर्षे चालवले आणि ते २०२३ साली पुरे झाले. पट धुण्यासाठी बेल्जियमला पाठवले गेले आणि त्यानंतर टाका-टाका करून आधाराच्या कापडावर बसवले गेले. वाडा स्वतः सात वर्षांत झाला होता.

मी हे पट १:२०० प्रमाणात छापून चिकटवले. तीन सेंटीमीटर उंचीचा गिदोन ओळखू येत नाही.

१५ जून २०२४

इतका जुना वाडा इतका अबाधित कसा राहिला, हा प्रश्न मुलीने विचारला आणि उत्तर जुळवताना संध्याकाळ गेली.

बाई १३ फेब्रुवारी १६०८ रोजी वारल्या. हार्डविक त्यांचा दुसरा मुलगा विल्यम याच्याकडे गेले. हाच पुढे डेव्हनशायरचा पहिला अर्ल झाला आणि त्याच्या वंशजांना १६९४ साली ड्यूकपद मिळाले. विल्यमने थोरल्या भावाकडून चॅट्सवर्थही घेतले आणि कुटुंबाचे मुख्य ठाणे तिकडे हलले. प्रत्येक नव्या पिढीच्या हौसेचा पैसा चॅट्सवर्थवर खर्च झाला. ते पुढे पाडले गेले, पुन्हा बांधले गेले, वाढवले गेले. हार्डविक हे दुसरे घर राहिले : शिकारीपुरते, म्हाताऱ्या नातलगांपुरते. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज हे या घराण्याच्या आश्रयाला होते आणि १६७९ साली ते इथेच वारले. नव्या फॅशनप्रमाणे खिडक्या बदलाव्यात एवढी निकड इथे कुणालाच कधी भासली नाही. जुन्या हॉलचे नशीब मात्र वेगळे : अठराव्या शतकात त्याचा बराच भाग उतरवला गेला, आणि आज त्याच्या उघड्या भिंतींवर गिलाव्यातले दोन राक्षस चुलाण्याच्या वर अधांतरी उभे आहेत, खालची जमीन कधीच गेलेली.

एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकने हौसेने वाड्याचा ‘जुनेपणा’ आणखी वाढवला, चॅट्सवर्थहून पट आणून भिंती झाकल्या. म्हणून आज जे दिसते ते सगळेच बाईंच्या वेळचे आहे असे समजणे चूक ठरेल. १६०१ साली, मृत्युपत्राच्या निमित्ताने केलेली सामानाची तपशीलवार यादी उपलब्ध असल्यामुळे काय मूळचे आणि काय नंतरचे हे बरेचसे पडताळता येते, ही इतर कुठल्या वाड्याला क्वचितच लाभलेली सोय.

शेवटचे वळण वारसाकराचे. दहाव्या ड्यूकने मालमत्ता वेळेवर हस्तांतरित केली होती, पण कर टळण्यासाठी त्यानंतर पाच वर्षे जगणे कायद्याने आवश्यक होते आणि ती पुरी होण्यास काही महिने कमी असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये, ते वारले. कर ऐंशी टक्के. चॅट्सवर्थ वाचवण्यासाठी जे द्यावे लागले त्यात हार्डविक होते. १९५६ साली ते कराच्या बदल्यात सरकारी खजिन्याकडे गेले आणि १९५९ साली नॅशनल ट्रस्टकडे आले. तिथे राहिलेल्या शेवटच्या रहिवासी डचेस एव्हलिन. भित्तिपट आणि गालिचे शिवण्यात त्यांनी अनेक वर्षे घालवली होती. आजच्या दुरुस्तीशाळांच्या दृष्टीने त्यांचे काही टाके सदोष ठरतात, पण त्या टाक्यांनीच कापड तगले.

२३ जून २०२४

सहा मनोरे चढवले. प्रत्येकाच्या माथ्यावर दगडी पट्ट्यांची वेलबुट्टी, तिच्यात काउंटेसचा मुकुट आणि ‘ई’ व ‘एस’ ही रोमन अक्षरे आहेत, एलिझाबेथ श्रूझबरी. बांधणाऱ्याने आपली आद्याक्षरे कोनशिलेवर कोरावीत हे समजते; ती आभाळाच्या रेषेवर, चहूबाजूंनी, अनेक मैलांवरून वाचता यावीत अशी बसवणे यासाठी वेगळा स्वभाव लागतो. पातळ कार्डातून नखाएवढी अक्षरे कापताना ‘एस’ तीनदा तुटला. दक्षिणेकडच्या मनोऱ्यात वर एक छोटी मेजवानीची खोली आहे. जेवणानंतर गोडधोड खाण्यासाठी पाहुण्यांना शिसे मढवलेल्या गच्चीवरून चालत तिथे जावे लागे.

दुपारी डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये बाईंचे थडगे पाहून आलो. तेही त्यांनी जिवंतपणीच बांधून घेतले होते. घरापासून चालत वीस मिनिटांवर.

६ जुलै २०२४

काम पुरे. छत बसवण्याआधी आत एक छोटा दिवा ठेवून पाहायचा होता, पण इथे जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सगळे झोपायला गेल्यावर एकट्याने चाचणी केली. सर्व खिडक्यांना पारदर्शक शीट लावली आहे, खोट्या खिडक्यांनाही. त्यांच्या पाठीमागे मात्र आराखड्याप्रमाणे पुठ्ठ्याची भिंत आहे.

दिवा लागताच वरचा मजला सर्वांत उजळ झाला, कारण काच तिथेच जास्त आहे. खोट्या खिडक्या काळ्या राहिल्या. दिवसा जी रांग अखंड दिसते तिच्यात रात्री दात पडल्यासारख्या फटी दिसतात, आणि बाईंच्या मेजवानीच्या रात्रीही अंगणातून तसेच दिसत असणार. एका ठिकाणी, पश्चिमेच्या पहिल्या मजल्यावर, माझ्या हिशेबाने खरी असलेली खिडकी काळी राहिली आहे. आतली भिंत दोन मिलिमीटर पुढे आली असावी. उद्या तो पूड पुन्हा उघडायचा.